तिसगावचे धरून

हाकमारे आडनावाची माणसं एकूण किती, असं कुणी विचारलं की बेंजामिन हाकमारे एका दमात सांगायचा, दोनशे अकरा. वीज मंडळातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर कुणी परसात भाजी लावतं, कुणी सकाळ-संध्याकाळ फिरायला जातं. बेंजामिननं आडनाव धरलं. तीन वर्षं त्यानं मतदारयाद्या चाळल्या, बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या, कबरस्तानातल्या पाट्यांचे फोटो काढले. सगळ्यात जास्त घरं कोल्हारात, प्रवरेच्या काठाला. मग राहुरी, नगर, चिंचवड, नाशकात दोन घरं आणि दुबईत एक जोडपं. बायको स्टेला म्हणायची, "माणसं मोजताय की विजेचे खांब?" पण मुलगी एंजेला हिनं बापाच्या कामाला हौसेनं नकाशा काढून दिला, त्यावर लाल ठिपके टाकले, आणि त्याची एक देखणी पुस्तिका झाली. नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये, हाकमारे कुटुंबाच्या पहिल्या मेळाव्यात तिचं प्रकाशन ठरलं.

नकाशावर एक ठिपका आधी होता, नंतर काढला होता. तिसगावचा.

एंजेलानं विचारलंही होतं, "पप्पा, पाथर्डीकडच्या या घरांचं काय?"

"ते वेगळे," बेंजामिन म्हणाला. आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यानं फार जपून एक वाक्य घातलं : 'तिसगाव येथील याच आडनावाच्या कुटुंबांशी रक्तसंबंध असल्याचा लेखी पुरावा उपलब्ध झाला नाही.' वाक्यात खोटं काही नव्हतं. लेखी पुरावा नव्हताच. पुरावा होता तो त्याच्या आईच्या, मरियमबाईंच्या बोलण्यात, आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यात.

चार पिढ्यांमागे दोन सख्खे भाऊ होते. एक कालव्याच्या कामावर प्रवरेकडं आला, मिशनच्या साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेऊन कोल्हारातच राहिला. दुसरा तिसगावात राहिला. त्याच्या नातवंडांनी पुढं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. त्याआधी दोन्ही घरांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम एकच. गावात कुणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांच्या गावी धावत जायचं, वेशीबाहेर उभं राहायचं आणि मयताची हाक मारायची. पाटलाघरचं मयत असो की वाण्याघरचं, हाक यांनीच मारायची. आत यायची परवानगी नाही, बसायला जागा नाही. दुरून येताना दिसला की लोक पोरांना घरात ओढून घ्यायचे. त्यावरून हाकमारे.

बेंजामिननं आपल्या आज्याला शेवटचं हे काम करताना पाहिलं होतं. शाळेत पोरं त्याला वर्गाच्या दारात पाहिलं की विचारायची, "काय रे हाकमाऱ्या, आज कोण मेलं?" मास्तरही हसायचे. ते हसणं त्याच्या कानातून गेलं नाही. म्हणून पुस्तिकेत त्यानं लिहिलं की हाकमारे म्हणजे निजामशाहीच्या काळात नगरच्या किल्ल्यावर, सरदार दरबारात शिरताना पुढं ललकारी देणारे मानकरी. आधार काय, तर 'परंपरेने असे सांगितले जाते'. ही परंपरा त्यानंच तीन वर्षांपूर्वी सुरू केली होती.

मेळाव्याचा मांडव चिंचवडच्या नोहा हाकमारेनं दिला होता. नोहाचा टेम्पोंचा धंदा जोरात होता आणि ललकारीची गोष्ट त्याला बेहद्द आवडली होती. त्यानं पुण्याहून पितळी मूठ लावलेली एक चोपदाराची काठी करून आणली.

"बेंजामिनभाऊ, इतकी वर्षं आम्ही लोकांना आडनाव सांगताना खाली बघत होतो," तो काठी उंचावत म्हणाला. "आता बघा. व्हिजिटिंग कार्डवरच छापतो."

"आधी ती काठी नीट धरा," स्टेला म्हणाली, "पाळकसाहेबांच्या डोळ्यात जाईल."

हॉल भरला होता. दारावर नाताळचा तारा, आत जिलेबीचा वास. स्टेजवर मधल्या खुर्चीत मरियमबाई, अंगावर नवी शाल. वयानं ऐंशी ओलांडलेली ही बाई कोल्हारातली हयात असलेली सगळ्यात वडील हाकमारे. प्रकाशन तिच्याच हस्ते होतं. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, नोहानं काठी आपटून ललकारी दिली, टाळ्या पडल्या, आणि त्याच वेळी बेंजामिनला फाटकात रंभाजी दिसला.

रंभाजी तिसगावचा. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, नात्यानं बेंजामिनचा चुलता. डोक्याला पांढरी टोपी, अंगात धुवट सदरा, पायात वहाणा. फाटकाच्या आत एक पाऊलही न टाकता तो उभा होता. याला कुणी सांगितलं? पुस्तिका कुणी पाठवली याला? स्टेजवर नोहाचं भाषण रंगात आलं होतं, "आपण दरबारचे मानकरी!" आणि हा माणूस इथं दोन शब्द मोठ्यानं बोलला की सगळा दरबार खाली बसणार होता. बेंजामिन लगबगीनं फाटकाकडं गेला.

"सलाम काका. आज इकडं कसे?"

"वैनीला भाईर बोलाव," रंभाजी म्हणाला.

"आई स्टेजवर आहे. कार्यक्रम चालू आहे, बघताय ना."

"मंग मी हितनंच हाक मारतो."

"नाही नाही, काका!" बेंजामिननं त्याचा दंड धरला. "इथं ओरडू नका. मला सांगा, मी आईला सांगतो."

"तसं कानात सांगायचं नसतं, बेंजमन. तुला ठावं हाय."

"अहो, बाहेरची माणसं आलीत. पाळकसाहेब आहेत. तुम्हाला बोलावलं नाही, चुकलं माझं. आपण नंतर बसून बोलू. जेवून जा तेवढं, मागच्या बाजूला पान लावायला सांगतो."

रंभाजीनं 'मागच्या बाजूला' हे ऐकलं आणि त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"जेवाया न्हाई आलो."

"पाणी तरी घ्या." बेंजामिननं वाढप्याच्या हातातला पेला घेऊन पुढं केला. रंभाजीचे ओठ कोरडे पडले होते. त्याची नजर पेल्यावर क्षणभर थांबली, पण हात पुढं आला नाही.

"पानी न्हाई चालायचं."

"काका, पाया पडतो तुमच्या. आज नको."

"आज नको म्हनतोस?"

"आज नको."

"बरं," रंभाजी म्हणाला. तो वळला आणि रस्ता ओलांडून नगरच्या गाडीच्या थांब्याकडं चालू लागला. बेंजामिननं पाठमोऱ्या आकृतीकडं पाहून सुस्कारा सोडला, हातातला पेला स्वतःच पिऊन टाकला आणि आत आला.

कार्यक्रम सुरेख झाला. दोनशे अकरा हा आकडा एंजेलानं पडद्यावर दाखवला तेव्हा हॉलमध्ये 'ओहो' झालं. मग प्रीतिभोजन झालं. दुपार कलली, पाहुणे पांगले, आणि बेंजामिन आईला घरी घेऊन आला. पलंगावर बसवून तिच्या पायातले मोजे काढत असताना ती म्हणाली,

"रंभाजी आलता न्हवं?"

बेंजामिनचा हात थांबला. "तुला दिसले?"

"म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले. फाटकात हुता. आत का न्हाई आला?"

"घाईत होते. निघून गेले."

"वहाना काडल्या हुत्या?"

"नाही."

"बसला कुटं?"

"नाही. उभेच होते."

"पानी दिलं का त्याला?"

"दिलं होतं. घेतलं नाही."

मरियमबाईंनी शालीची घडी करायला घेतली होती, ती तशीच मांडीवर राहिली. "आरं, कोन गेलं मग तिसगावात?"

बेंजामिन जमिनीवर बसला होता तो बसूनच राहिला. आई बोलत होती आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याला लहानपणापासून माहीत होता. साऱ्या गावांची मयतं यांनी सांगितली. यांच्या घरचं मयत सांगायला मात्र कुणी जाणार नव्हतं. म्हणून दोन्ही घरांनी आपापसात रीत पाडली होती. कोल्हारात कुणी गेलं तर कोल्हारच्या माणसानं तिसगावला जायचं, तिसगावात गेलं तर तिसगावच्यानं इकडं यायचं. वहाणा काढायच्या नाहीत, बसायचं नाही. घरातल्या वडील माणसाला दारात बोलावून मोठ्यानं नाव सांगायचं. मग ऐकणाऱ्यानं पाण्याचा तांब्या द्यायचा. सांगणाऱ्यानं चूळ भरायची, उरलेलं पाणी प्यायचं आणि आत यायचं. तोवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आणि परत जाताना त्याला एकट्यानं जाऊ द्यायचं नाही. ऐकणाऱ्या घरातलं कुणीतरी सोबत मातीला जायचं. परक्या गावांनी दिलं नाही ते एकमेकांना द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. बेंजामिनचे वडील गेले तेव्हा चुलतभाऊ मोटरसायकलवर तिसगावला गेला होता आणि रंभाजी त्याच्या मागं बसून आला होता. कबरीवर पहिली माती त्यानंच टाकली होती.

"त्याला शुगर हाय," मरियमबाई म्हणाल्या. "सकाळधरनं उपाशी असंल. सांगावा पोचला न्हाई तर तो पानी पिनार न्हाई, लई हट्टी हाय. तू ऊठ."

"फोन करतो."

"कर."

बेंजामिननं मोबाईल काढला. राज्यभरातल्या हाकमाऱ्यांचे नंबर त्यात होते, दुबईचासुद्धा होता. तिसगावचा एकही नव्हता.

आई त्याच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "जा. माझ्या वतीनं ऐक, आन् पानी दे त्याला. कोन गेलं ते बी इचारलं न्हाईस."

त्यानं गाडी काढली. एंजेला म्हणाली मीही येते. तो नको म्हणाला. राहुरी मागं पडली, विळद घाट आला. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली की त्याच्या मनात तेच पुन्हा यायचं. वहाणा दिसल्या होत्या. पाणी नाकारलेलं दिसलं होतं. 'कानात सांगायचं नसतं, तुला ठावं हाय,' हेही नीट ऐकू आलं होतं. मग त्याला कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि त्यानं कळू दिलं नव्हतं? वीज मंडळात अपघाताची चौकशी करताना तो कामगारांना हाच प्रश्न विचारायचा : तार जिवंत आहे हे माहीत होतं की नव्हतं? लोक म्हणायचे, लक्षात आलं नाही साहेब. तेव्हा त्याला त्यांचा राग यायचा.

नगर ओलांडून करंजी घाट चढला तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. तिसगावात पोचला तेव्हा दिवे लागले होते.

रंभाजी राहायचा ते त्याच्या पुतण्याचं, प्रशांतचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. अंगणात सतरंजी टाकलेली, पाच-सात माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. भिंतीशी खुर्चीवर भामाबाईंचा फोटो, पुढं मेणबत्ती. म्हणजे गेल्या त्या भामाबाई. रंभाजीची मोठी भावजय, प्रशांतची आई. बेंजामिनच्या लग्नात स्टेलाला हळद हिनंच लावली होती, आणि पाळक काय म्हणतील म्हणून कुजबुजणाऱ्यांना "हळदीला कसला आलाय धर्म गं!" असं सुनावलंही होतं.

प्रशांत उठून अंगणाच्या कडेपर्यंत आला. झेडपीच्या शाळेत शिक्षक, पंचेचाळिशीचा, डोळे सुजलेले.

"जय भीम," तो म्हणाला. "झालं सगळं. उन्हं असतानाच उरकलं."

"प्रशांत, मला…"

"रंभाजीतात्यांसाठी थांबलो होतो. वाटलं, कोल्हारची माणसं घेऊन येतील. एकटेच आले." त्याचा आवाज चढला नाही. "मी सकाळीच म्हणालो होतो त्यांना, फोन करतो. हे जोखड आपण छप्पन साली टाकलं, आता कशाला जाता? तर म्हणाले, गावाचं टाकलं, आपल्यातलं न्हाई."

"कुठं आहेत काका?"

आतून प्रशांतची बायको दीपा आली. "तिकडं बसलेत गोठ्याच्या कट्ट्यावर. काही केल्या ऐकत नाहीत. गोळी घेतली नाही, पाणी घेतलं नाही. हात थरथरायला लागलेत. डॉक्टरला बोलवू म्हटलं तर म्हणतात, सांगावा माझ्या तोंडात हाय अजून."

रंभाजी कट्ट्यावर होता, पायांत सकाळच्याच वहाणा. बेंजामिनला पाहून तो हातांनी कट्टा रेटत उभा राहिला. प्रशांत धरायला पुढं झाला, त्याला त्यानं बाजूला सारलं.

"वैनी आली का?"

"आई नाही आली, काका. तिनं मला धाडलंय. तिच्या वतीनं ऐकायला."

रंभाजीनं डोक्यावरची टोपी सारखी केली. बेंजामिनला वाटलं, आता तो हळूच सांगेल, बसलेल्या माणसांच्या देखत कानाशी सांगेल. काय सांगायचं ते तर आता सगळ्यांना माहीतच होतं. पण त्या थकलेल्या छातीतून जी हाक निघाली तिनं पलीकडच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"कोल्हारच्या मरियम हाकमारे! तिसगावची भामा हाकमारे गेली हो! माती झाली!"

बसलेली माणसं उठून उभी राहिली. दीपानं बेंजामिनच्या हातात तांब्या दिला तेव्हा तो भानावर आला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी पुढं केला. रंभाजीनं चूळ भरली, बाजूला थुंकली. मग तोंड वर करून तो प्यायला. घोटाघोटाला गळ्याची शीर हलत होती. निम्मा तांब्या झाल्यावर थांबला, वहाणा काढल्या आणि कट्ट्यावर टेकला. दीपानं गोळी दिली, भाकरीचा तुकडा दिला.

बेंजामिनला वाटलं, आता तो शिव्या घालील. निदान विचारील, की मला हाकललंस का. त्याची तयारी होती. पण रंभाजी चघळत राहिला आणि जरा हुशारी आल्यावर म्हणाला,

"मेळावा झाला का चांगला?"

"झाला."

"मानसं लई जमल्याली. बरं वाटलं बघून. आपली एवडी मानसं हायेत, म्हाइतीच न्हवतं." त्यानं हाताचा पंजा गुडघ्यावर पुसला. "तू समदी मोजलीस म्हनं. एसटीत तुमच्याकडचं एक पोरगं भेटलं, त्येनं सांगितलं. किती भरलो रं आपन?"

बेंजामिननं प्रशांतकडं पाहिलं. प्रशांत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याचा मोबाईल खिशात होता, आणि दुपारपासून ती पुस्तिका नगर जिल्ह्यातल्या किती मोबाईलवर फिरत असेल ते बेंजामिनला ठाऊक होतं. प्रशांतनं शेवटचं पान वाचलं होतं. त्याच्या बघण्यातच ते होतं. म्हाताऱ्याला त्यानं ते सांगितलेलं नव्हतं.

"दोनशे अकरा," बेंजामिन म्हणाला.

"लई की!" रंभाजीच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी उजळलं. मग तो फोटोकडं बघून म्हणाला, "आता दोनशे धा लिव्ह. भामा वैनी कमी झाली."

बेंजामिननं मान डोलावली असती तर भागलं असतं. मान खाली गेली, वर आलीच नाही.

"त्या त्यात नव्हत्या, काका."

"म्हंजी?"

"म्हणजे… त्या दोनशे अकरात तिसगावचं कुणीच नाही."

रंभाजीला ते नीट कळलं नाही. त्यानं प्रशांतकडं पाहिलं.

"म्हंजे," प्रशांत चौकटीवरूनच म्हणाला, "त्यांनी ती आधीच कमी केली होती, तात्या. आई जिवंत होती तेव्हाच. तुम्हाला बी, मला बी. छापलंय तसं."

रंभाजी बराच वेळ बेंजामिनच्या पायांकडं बघत बसला. बेंजामिननंही पाहिलं. त्याच्या पायांत मेळाव्यासाठी घेतलेले नवे बूट होते, आणि अंगणात आल्यापासून ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि काढ असं कुणी म्हणालंही नव्हतं.

मग रंभाजीनं तांब्यातलं उरलेलं पाणी कट्ट्याखालच्या मातीत ओतलं आणि रिकामा तांब्या दीपाकडं दिला.

"जा आता," तो म्हणाला. "घाटात अंधार आसतो. वैनीला सांग, रंभाजी पानी पिला."

"आणि काय सांगू?"

"तेवडंच सांग. ती वाट बघत आसंल."

बेंजामिन वळला. फोटोपुढं जाऊन हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण त्यासाठी बूट काढून सतरंजीवरून, बसलेल्या माणसांमधून जायला हवं होतं. ते त्याच्यानं झालं नाही. तो अंगणाच्या कडेकडेनं रस्त्याकडं निघाला. गाडीपर्यंत त्याच्यासोबत कुणी आलं नाही. तो सांगावा घेऊन आलेला नव्हता, त्यामुळं सोबत कुणी यावं अशी रीतही नव्हती.